पाचजणींचा एकच स्वाध्याय

कॉपी पकडण्यात आमच्या अभ्यासकेंद्रात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन वह्या शेजारी ठेवल्या की कुणी कुणाचं पाहून लिहिलंय ते मला पहिल्या पानावरच कळायचं. केंद्राचे संयोजक चेष्टेने म्हणायचे, तुम्ही चुकून शिक्षक झालात, पोलीस खात्यात शोभला असता. मला ते आवडायचं. घरी येऊन मी ते नवऱ्याला सांगितल्याचंही आठवतं.

मी बेळगावच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. आठवडाभर तिथे, आणि महिन्यातले दोन-तीन रविवार कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यापलीकडच्या एका शाळेत, जिथे मुक्त विद्यापीठाचं केंद्र भरतं. सकाळी बेळगावहून निपाणीपर्यंत एका सरकारची बस, निपाणीहून पुढे दुसऱ्या सरकारची. मराठीतून पदवी घेता यावी म्हणून आमच्याकडची पुष्कळ माणसं नाका ओलांडून तिथे नाव घालतात. कंडक्टर, अंगणवाडीतल्या बाया, शिपाई, दुकानात काम करणारी पोरं, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या मुली. आमच्या घरात सगळे शिक्षक नाहीतर वकील, त्यामुळे रविवारचा हा वर्ग म्हणजे त्यांच्या लेखी माझी हौस. कॉलेजातले सहकारी सोमवारी मुद्दाम विचारायचे, "काय म्हणतायत तुमचे घरबसल्या डिग्रीवाले?" माझं डोकं फिरायचं. नाकावर माशी बसू न देण्याचा माझा स्वभाव, त्यात हे टोमणे. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की माझ्या हाताखालून फुकटची डिग्री एकही जाणार नाही. दूरशिक्षणाचा दर्जा सुधारायचा म्हणजे काय करायचं, याचं माझं उत्तर तेव्हा एवढंच होतं.

त्या वर्षी शेवटच्या बाकांवर पाचजणी येऊन बसू लागल्या. निपाणीच्या एकाच गल्लीतल्या, पाचहीजणी बिड्या वळणाऱ्या. त्या वर्गात शिरल्या की त्यांच्याबरोबर तंबाखूचा वास आत यायचा आणि पुढच्या बाकांवरचे दोघेतिघे शिंकायचे. मीही पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावला होता. त्यांनी तो पाहिला आणि दुसऱ्या वेळेपासून त्या आपणहून खिडकीकडच्या बाजूला बसू लागल्या.

पाचजणींत सगळ्यात थोरली पन्नाशी उलटलेली. बाकीच्या तिला आक्का म्हणायच्या, म्हणून मीही इथे आक्काच म्हणते. या सगळ्यांना केंद्रात आणणारी, त्यांची म्होरकी, चाळिशीतली, काटकुळी, बोलता बोलता खोकणारी. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारलं होतं की नाव का घातलंत. चौघींचं उत्तर एकच होतं, "हिनं घातलं म्हणून." म्होरकी मात्र उभी राहून सविस्तर बोलली. सातवीत असताना तिला शाळेतून काढलं, कारण बोटं बारीक होती आणि बिडी सुबक यायची. पुढे संसार झाला, मुलं झाली, मग कधीतरी शाळा सुटलेल्यांसाठी असलेली पूर्वतयारीची परीक्षा देऊन तिने पदवीला नाव घातलं. मधली दोन वर्षं करोनात नाका बंद, घरात आजारपणं, म्हणून मागे पडली. आता फक्त समाजशास्त्राचा हा एक पेपर राहिला होता. निपाणीत मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथे ती सकाळी भाकऱ्या करायला जायची. तिथल्या रेक्टरबाई येत्या जूनमध्ये निवृत्त होणार होत्या आणि संस्थेने तिला शब्द दिला होता की पदवी असेल तर ती जागा तुझी. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तंबाखूच्या धुळीतून लवकर बाहेर पड म्हणून तिला बजावलं होतं.

"ह्यातनं सुटायचं तर डिग्रीच पायजे, मॅडम," ती म्हणाली आणि खोकत खाली बसली.

मला तिच्याबद्दल बरं वाटलं. हेही सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते राग म्हणून झालं नाही.

आमच्या शिकवण्याची रीत अशी, की पोस्टाने पुस्तक येणार, मोबाइलवर तासांचे व्हिडिओ असणार, रविवारी मोजके वर्ग होणार, आणि सत्राच्या शेवटी विद्यार्थ्याने घरी बसून स्वाध्याय लिहून द्यायचा. स्वाध्याय मान्य झाला तर परीक्षेला बसता येतं. कागदावर हे सगळं नीट दिसतं. प्रत्यक्षात पुस्तकं अर्धं सत्र संपल्यावर यायची आणि कधी चारजणांत एक यायचं. व्हिडिओ बघायला घरात एकच मोबाइल, तो मुलाच्या हातात. या पाचजणींना तर मिळून एकच पुस्तक मिळालं होतं. मी त्याबद्दल केंद्राकडे तक्रार केली, उत्तर आलं नाही, आणि मीही पुढे विसरून गेले. पाचजणी वर्गात कधी काही विचारायच्या नाहीत. वहीत फारसं लिहायच्याही नाहीत. मी बोलत असताना माझ्या तोंडाकडे एकटक बघत बसायच्या. मला वाटायचं, यांच्या डोक्यावरून चाललंय सगळं.

मग स्वाध्याय आले. प्रश्न होता, प्राथमिक समूहाची वैशिष्ट्ये उदाहरणासह सांगा. म्हणजे घरचे, शेजारी, सवंगडी अशा जवळच्या माणसांचा गट कशाने बांधलेला असतो ते लिहायचं. पुस्तकात त्याचे सहा मुद्दे दिले आहेत. पाचजणींच्या वह्या मी एकापाठोपाठ एक तपासायला घेतल्या आणि दुसऱ्याच वहीला मी कान टवकारले. पाचही वह्यांत तीच वाक्यं, त्याच क्रमाने. पाचही वह्यांत पहिला, दुसरा, तिसरा मुद्दा, आणि मग एकदम पाचवा. चौथा मुद्दा एकीच्याही वहीत नाही. उदाहरणसुद्धा एकच. 'आम्ही पाचजणी एका ठिकाणी बसून काम करतो. एकीला बरं नसलं तर बाकीच्या तिचं काम ओढतात. हा आमचा प्राथमिक समूह आहे.' पाच वेळा, पाच वेगवेगळ्या हस्ताक्षरांत.

चौथा मुद्दा गाळण्याची चूक पाचजणींकडून वेगवेगळी कशी होईल? याहून पक्का पुरावा मला नको होता. पाचही वह्यांवर मी लाल शाईने 'नक्कल' लिहिलं आणि खाली सही केली.

पुढच्या रविवारी मी त्या वह्या वर्गात सगळ्यांसमोर वर धरून दाखवल्या. एकट्यात बोलावून सांगता आलं असतं, पण मला बाकीच्यांना धडा द्यायचा होता. पदवी काय बाजारात मिळते का, असंही काहीतरी मी म्हणाले. पुढच्या बाकांवर हसू फुटलं. पाचजणी खाली बघत होत्या. मग म्होरकी उठली.

"मॅडम, आमी बगून न्हाय लिवलं."

"मग कसं लिहिलं?"

"ऐकून लिवलंय."

मी म्हणाले, "बघून लिहा नाहीतर ऐकून लिहा, नक्कल ती नक्कलच. बसा खाली."

पुन्हा हसू झालं आणि ती बसली. ती त्या वेळी मला सगळं सांगत होती. मी तिला आणखी एक प्रश्न विचारला असता तर उरलेलंही तिने सांगितलं असतं. मी समाजशास्त्राची शिक्षिका, माणसं कशी राहतात हे विचारायचा माझा धंदा, आणि मला तो एक प्रश्न सुचला नाही.

तास संपल्यावर मी संयोजकांकडे गेले. पाचजणींना या सत्रात परीक्षेला बसू देऊ नये, असं माझं म्हणणं होतं. ते म्हणाले, पाचजणी म्हणजे फार होतात, वरून विचारणा होईल, एकदा चौकशी करा आणि मूळ कुणाचं ते शोधा. मूळ लिहिणारीवर कारवाई, बाकीच्यांना समज देऊन पुन्हा लिहायला लावा. मला हा तोडगा पटला, आणि निघताना मी तो पाचजणींच्या कानावर घातला.

शोधायला लागलंच नाही. त्याच्या पुढच्या रविवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी म्होरकी शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. एकटीच. म्हणाली की स्वाध्याय तिचा होता, बाकीच्यांनी तिचा बघून उतरवला, त्यांचा दोष नाही, त्यांना परत लिहू द्यावं. मी विचारलं, परवा तर म्हणत होतीस की बघून नाही लिहिलं. स्वाध्याय माझाच, ती पुन्हा म्हणाली. मी कोरा कागद पुढे केला आणि हेच लिहून दे म्हणाले. तिने उभ्याउभ्या टेबलाच्या कडेला कागद ठेवून लिहिलं, सही केली आणि दोन्ही हातांनी मला दिला. जाताना विचारलं, "मग चौगींचं हुईल न्हवं?" मी म्हणाले, होईल.

मला त्या वेळी समाधान वाटलं. खरं बोलायची हिंमत दाखवली म्हणून मी मनात तिचं कौतुकही केलं.

दुपारी तिची नोंद भरायला मी संगणकापुढे बसले. तिचा नोंदणी क्रमांक टाकला तेव्हा पडद्यावर तिची सगळी माहिती आली आणि खाली लाल अक्षरांत एक ओळ होती, की नोंदणीची मुदत या सत्राअखेर संपत आहे. मी ती ओळ वाचली. याचा अर्थ मला कळत होता. या परीक्षेला ती बसली नाही तर राहिलेला एक पेपर राहीलच, आणि आधीचे सगळे विषयही बुडतील. वसतिगृहाची जागा, डॉक्टरांचं बजावणं, सगळं मला तोंडपाठ होतं. मला ठाऊक नव्हतं असं म्हणण्याची सोय मी स्वतःला ठेवणार नाही. मी क्षणभर थांबले, आणि नियम सगळ्यांना सारखा असं म्हणून 'स्वाध्याय अमान्य'वर खूण केली.

चौघींना मी त्याच दिवशी वर्गात लांब लांब बसवून पुन्हा लिहायला लावलं. बाकीच्यांची पुस्तकं मागून घेऊन समोर ठेवा, पण आपलं आपण वाचा आणि आपल्या शब्दांत लिहा. तिघींनी अडखळत, खाडाखोड करत दोन-दोन पानं भरली. आक्का कोऱ्या कागदापुढे बसून राहिली. मी जवळ गेले तर आमच्याकडच्या बायकांच्या बोलीत म्हणाली, चष्मा विसरलो. मला ती सबब वाटली, हिला काही येत नाही आणि आता उघडी पडलीय असंच वाटलं. तासाच्या शेवटी तिने कोरा कागद घडी न घालता टेबलावर आणून ठेवला आणि ती गेली. त्यानंतर ती केंद्रात आली नाही. तिघींच्या वह्या मी मान्य केल्या.

जून आला आणि गेला. वसतिगृहात कोल्हापूरकडची एक पदवीधर बाई रेक्टर म्हणून आल्याचं मला बसमध्ये कुणाकडून तरी कळलं.

वर्षभराने विद्यापीठाच्या विभागीय कार्यालयाचं पत्र आलं. दूरशिक्षण अधिक चांगलं कसं करता येईल, याबद्दल केंद्रातल्या शिक्षकांनी सूचना पाठवायच्या होत्या. त्यासाठी मधेच शिक्षण सोडलेल्या काही विद्यार्थ्यांना घरी जाऊन भेटायचं आणि कारण विचारायचं. बरोबर छापील नमुना होता. मी माझी यादी काढली, तीत आक्काचं नाव होतं. खरं सांगायचं तर मी तिच्याकडे गेले ती रस्त्यात सोयीचं घर म्हणून. निपाणीला बस बदलायची असतेच.

दुपारची वेळ होती. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये आक्का आणि त्या तिघी मांडीवर सुपं घेऊन बसल्या होत्या. सुपात तंबाखू, कातरलेली पानं आणि दोरा. बोटं भराभर चालत होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मला पाहून चौघी दचकल्या. एकीने पटकन माझ्यासाठी स्वच्छ पोतं अंथरलं. त्या गप्प वातावरणात मला अवघडल्यासारखं झालं. बिड्या वळणाऱ्या बायकांचा कलकलाट मी लहानपणापासून रस्त्यावरून जाताना ऐकला होता.

मी नमुना बाहेर काढला आणि आक्काला विचारलं की शिक्षण का सोडलंत. ती हसली. म्हणाली, आता ह्या वयात काय. मी म्हटलं, अवघड वाटलं का? समजत नव्हतं का? यावर ती जराशी दुखावली असावी. तिने हातातली बिडी पुरी केली, सुपात ठेवली आणि बोलायला लागली. प्राथमिक समूह म्हणजे काय, तिथपासून. पहिला मुद्दा, त्याचं स्पष्टीकरण, दुसरा मुद्दा, तिसरा. पुस्तकातलं वाक्यन्‌वाक्य, पण पाठ केलेल्या मुलासारखं घाईने नाही. एखाद्या बाईने आपल्या नात्यातली हकीकत सांगावी तसं सावकाश, मधे थांबून, स्वतःच्या गल्लीतले दाखले देत. तिसऱ्यानंतर ती पाचव्या मुद्द्यावर गेली.

माझ्या हातातला पेन थांबला. मी विचारलं, हे कुठे शिकलात?

तेव्हा मला सगळं कळलं, तेही तुकड्यातुकड्याने, चौघींच्या तोंडून. पुस्तक एकच होतं. पाचजणींपैकी सरळ वाचता येणारी फक्त म्होरकी. बाकीच्या अक्षर लावून लावून वाचायच्या, आणि आक्काला तर बारीक छपाई दिसतच नव्हती, चष्मा होता तोही जुना. म्हणून त्यांनी रीत पाडली होती. दुपारी जेवण झालं की म्होरकीने सूप बाजूला ठेवायचं आणि मोठ्याने वाचायचं. तिच्या वाट्याच्या बिड्या बाकीच्या चौघींनी वळायच्या. एक भाग तीनदा वाचायचा. मग एकेकीने तो परत सांगायचा, चुकली तर दुसरीने सावरायचं. तोंडपाठ झालं की दुसऱ्या दिवशी वहीत उतरवायचं; आक्काला मात्र एकेक ओळ चाचपडत लिहायला चार-चार दिवस लागायचे. वाचताना तिला खोकल्याची उबळ आली की आक्का तिथून पुढे तोंडी सांगायची आणि ती दम खायची. पदवीच्या पहिल्या पुस्तकापासून त्यांचं असं चाललं होतं.

एकीने आतून पुस्तक आणलं. बिडीची पानं कातरायच्या आधी भिजवून ठेवतात, त्या ओल्या पोत्यावर ते कधीतरी पडलं होतं. मधली दोन पानं एकमेकांना गच्च चिकटली होती. मी नखाने कड उचलून बघितली. चौथा मुद्दा आत होता.

 मी म्हणाले, मग तिने लिहून का दिलं की तुम्ही बघून उतरवलं म्हणून?

तिघी आक्काकडे बघू लागल्या. आक्का खाली बघत पान दुमडत म्हणाली, "आमच्यात तसंच असतंय, मॅडम. पाचजणींचा माल एका टोपलीत जातोय. कारखान्याचा चेकर तपासतोय. वाईट बिड्या लई निघाल्या की इचारतोय, छाट कुणाची? कुणीच बोललं न्हाय तर सगळ्यांची पानं बंद, कामच न्हाय. मग पाळीनं एकीनं म्हणायचं, माझी. एकीवर भागतंय."

मी विचारलं, "आणि त्या वेळी तिची पाळी होती?"

"न्हाय," आक्का म्हणाली. "पाळी माझी हुती. मी यायलो म्हटलो. ती म्हणाली, तुझ्यानं लिवाय जमायचं न्हाय, मॅडम कागदावर लिवून मागत्यात."

हे ती मला बोल लावायला म्हणाली नाही. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्या पोत्यावर बसून रडले. माझ्या वयाच्या, कडक म्हणून नाव असलेल्या बाईने परक्या शेडमध्ये रडावं, याची मला त्या वेळी लाजही वाटली नाही. एकीने पाणी आणून दिलं. बोटं मात्र कुणाचीच थांबली नव्हती, कारण संध्याकाळी माल द्यायचा होता.

निघताना मी विचारलं की आता अभ्यास कसा करता. तिघी तिसऱ्या वर्षाला होत्या.

"आता मोठ्यानं वाचत न्हाय," त्यातली एक म्हणाली. "एकसारखं येतंय म्हणून वरडला न्हवं तुमी. जिची ती घरात वाचतीया. जमंल तेवढं."

आक्काचा प्रश्नच नव्हता. तिला कानांनीच शिकता येत होतं, आणि ते मी बंद केलं होतं.

त्या आठवड्यात मी कार्यालयाला मोठं पत्र लिहिलं. चूक माझी होती, तपास मी नीट केला नाही, या विद्यार्थिनीची मुदत वाढवून तिला राहिलेला एक पेपर देऊ द्यावा. उत्तर सभ्य आलं. मुदत संपलेली नोंदणी पुन्हा सुरू करता येत नाही, विद्यार्थिनी नव्याने नाव घालू शकते, पहिल्या वर्षापासून. मी दोनदा स्वतः जाऊन भेटले. तिथला अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, मॅडम, तुमची चूक झाली असेल, पण तिच्या सहीचा कागद आहे ना.

सूचनाही पाठवल्या. वस्तीत गट करून वाचू द्या. लिहिता न येणाऱ्याची तोंडी परीक्षा घ्या. एकत्र शिकलेल्यांचं उत्तर सारखं आलं तर आधी त्यांना समोर बसवून विचारा. सगळ्या केंद्रांच्या सूचनांचा मिळून जो अहवाल झाला त्यात माझ्या चार पानांची एक ओळ आली, की विद्यार्थ्यांना श्राव्य साहित्य उपलब्ध करून द्यावे. स्वाध्यायाचा नियम होता तसाच राहिला.

म्होरकीला भेटायला मला धीर गोळा करावा लागला. ती त्याच शेडमध्ये कामाला होती, पण मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी दवाखान्यात गेली होती. पुढच्या खेपेला मी तिच्यासमोर बसून माफी मागितली. ती गडबडून गेली, माझे जोडलेले हात तिने धरून खाली केले. मी म्हणाले, नव्याने नाव घाल, फॉर्म मी भरून आणते, हवं ते मी करते. ती बराच वेळ दोरा बोटाला गुंडाळत राहिली.

"घालतो," ती म्हणाली. "खरं एक सांगा. परत माझं कुणासंगं एकसारखं आलं तर तुमी काय करणार?"

मला म्हणायचं होतं की मी मान्य करीन. पण माझ्यानंतर दुसरं कुणी वह्या तपासेल, तो काय करील, याचा भरवसा मी देऊ शकत नव्हते. तिला खोट्या आशेवर ठेवायचं नव्हतं. मी म्हणाले, नियम अजून तोच आहे.

"मग मी वायलीच बसतो, एकटी," ती म्हणाली.

ती आता पहिल्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिचा पहिला स्वाध्याय माझ्याकडे आला. एकही मुद्दा सुटलेला नव्हता आणि केंद्रातल्या कुणाच्याच वहीशी एक वाक्यही जुळत नव्हतं. मी पैकीच्या पैकी गुण दिले. वर्षानुवर्षं मला असाच स्वाध्याय हवा होता, आणि तो हातात घेऊन मला काही सुचत नव्हतं. टपालाने न पाठवता मी तो स्वतः द्यायला गेले.

दुपारचं जेवण नुकतंच झालं होतं. आक्का आणि तिघी नेहमीच्या जागी बसून बिड्या वळत होत्या. म्होरकी त्यांच्यापासून दहा-बारा हात लांब, दाराच्या उजेडाला, एकटी. गुडघ्याशी पुस्तक उघडं होतं आणि ती बिडी वळता वळता वाचत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. आक्काचं लक्ष तिच्या ओठांकडे लागलेलं होतं. मी वही दिली. म्होरकीने गुण पाहिले, कपाळाला लावून वही पिशवीत ठेवली आणि माझ्यासाठी पोतं अंथरलं. मी तिला म्हणाले की वाच, मी बसते थोडा वेळ. ती पुन्हा पुस्तकात बघू लागली, तशीच, मनातल्या मनात.

तेव्हा आक्का पलीकडून म्हणाली, "मॅडम, तिला जरा मोठ्यानं वाच म्हणा की. मी काय लिवणार न्हाय. नुसती ऐकतो."

मी म्होरकीकडे पाहिलं आणि मान हलवली, वाच. ती माझ्याकडे बघून कसंनुसं हसली. पुस्तक तिने हातात घेतलं, पानावर बोट ठेवलं, आणि थांबली. तिघीही थांबल्या.  मला कळायला थोडा वेळ लागला की त्या माझ्या जाण्याची वाट बघताहेत.

मी उठले, चपला घातल्या आणि बसस्टँडकडे निघाले. गल्लीच्या टोकापर्यंत हळूहळू चालले, कान मागे ठेवून. ऐकू काही आलं नाही.